टीव्हीचा आवाज कमी करा

सोमवार, ३

नव्या साहेबांनी आज मीटिंगमध्ये बॉम्ब टाकला, तोही चहा येण्याआधी.

बावीस तारखेला, शनिवारी, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत आपलं टीव्ही केंद्र सलग लाइव्ह. व्यायाम, बाग, कायदा, आरोग्य, अभ्यास, मन. स्टुडिओत तज्ज्ञ बसणार, लोक घरून फोन करून प्रश्न विचारणार. हे सांगून साहेबांनी चष्मा पुसला आणि खरी गोष्ट नंतर सांगितली. फोन वाजले, तर केंद्राला स्वतःच्या कार्यक्रमांचा वेळ राहील. नाही वाजले, तर मुख्यालयातून जे येईल तेच पुढे पाठवायचं. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून एक टॉवर राखत बसायचं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण दर गुरुवारी संध्याकाळी तासभर फोनवरचा जो कार्यक्रम होतो तो मी करते. त्याचं नाव 'बोला, ऐकतोय'. नाव मीच ठेवलं. ऐकायला आम्ही तयार असतो, बोलायला कुणी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता इथे तरी खरं लिहावं. आमच्या कार्यक्रमात फोन येत नाहीत. आलेच तर एखाददुसरा. दोन्ही लाइनी गप्प पडल्या की स्टाफमधलं कुणीतरी उठतं, मेकअपरूममधल्या फोनवरून नंबर फिरवतं आणि 'नमस्कार, मी एक प्रेक्षक बोलतोय' म्हणतं. ही रीत माझ्या आधीपासूनची. नवं दुकान उघडलं की दुकानदार आपल्याच मेव्हण्याला गिऱ्हाईक म्हणून उभा करतो, तसंच आहे हे. कुणाचं काही नुकसान होत नाही, प्रश्नही चांगले विचारले जातात. फक्त साहेब नवे आहेत, त्यांना माहीत नाही. बाकी फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा माहीत आहे.

तासभर निभावणं वेगळं. बारा तास निभावायचे म्हणजे केंद्रातली माणसं पुरणार नाहीत.

मंगळवार, ४

आवाज ही मुख्य अडचण आहे. मेकअपवाल्या ताई इतक्या वेळा प्रेक्षक झाल्यात की त्यांचा 'नमस्कार' ऐकला की आमची निवेदिका (सगळे तिला हसरी म्हणतात, रडक्या बातमीलाही ती हसते) ओठ चावत बसते. कॅमेरामन लोकांना फोन दिला तर ते मुद्दाम अचरट प्रश्न विचारतात.

दुपारी टेबलावर डोकं धरून बसले होते, तर समोर मौनीबाबा उभे. आमचे ध्वनिमुद्रक. या महिन्याच्या शेवटी रिटायर होणार. माणूस कामाला सोन्यासारखा, पण बोलणं म्हणजे अंगठा वर किंवा अंगठा खाली. त्यांच्या तोंडून मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलंय. खरा प्रेक्षक फोन करतो तेव्हा त्याच्या घरी टीव्ही चालूच असतो, मग त्याचाच आवाज टीव्हीतून निघून फोनमध्ये शिरतो आणि सगळं घुमायला लागतं. तेव्हा मौनीबाबा हसरीच्या कानातल्या यंत्रात पुटपुटतात, "टीव्हीचा आवाज कमी करा म्हणावं." घुमणारा आवाज म्हणजे त्यांच्या जिवाला घोर.

तर ते म्हणाले, "मॅडम, मी करू का फोन?"

माझ्या हातून पेन पडलं. मी लगेच हो म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खा माणूस चालून आला.

गुरुवार, ६

आज बागकाम. मौनीबाबांना मी प्रश्न लिहून दिला होता, फार विचार करून. 'माझ्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडले आहेत, कळ्या उमलण्याआधीच मान टाकतात, तर मी हताश होऊ का?' शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. सामान्य माणसाची तळमळ दिसते त्यात.

त्यांनी आवाजाचा मिक्सर मदतनिसाच्या हाती दिला, मेकअपरूममध्ये गेले, लाइनीचा दिवा लागला. आणि विचारलं भलतंच.

"घरात एक झाड आहे कुंडीत. नाव मला माहीत नाही. बायकोनं लावलेलं. पाणी किती घालायचं ते तिलाच ठाऊक होतं. आता मी घालतो. पानं पिवळी पडून गळतायत. रोज घालतो, न चुकता."

बागवाले प्राध्यापक म्हणाले, "रोज घालताय तेच चुकतंय. मुळं गुदमरतात. काही दिवस पाणी बंद करा. काही करायचंच असेल तर नुसते त्याच्याजवळ बसा."

"नुसतं बसायचं?"

"हो."

मग पलीकडून बराच वेळ काही नाही. हसरी चक्क हसायची विसरली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना दोन्ही अंगठे वर करून दाखवले. काय अभिनय! गेल्या वर्षी त्यांची बायको गेली, आम्ही सगळे भेटून आलो होतो. ते दुःख असं कामाला लावायचं म्हणजे अंगात कलावंत असावा लागतो. इतकी वर्षं आम्ही या माणसाला नुसती बटणं फिरवायला लावली. लिहून दिलेला कागद मात्र त्यांनी घडी घालून खिशात टाकला, माझ्या गुलाबाचा काही विचार केला नाही.

घरी आले तर सासूबाई टीव्हीसमोरच. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमचा टीव्ही जिन्यापर्यंत ऐकू जातो. म्हणाल्या, "तो झाडाचा माणूस कोण गं?"

"अहो आई, आमचाच आहे. नाटक होतं ते."

"नाटक करणारा भरभर बोलतो. हा थांबत होता," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना काय, जाहिरातीतली बाई शिंकली तरी तिला काढा द्यावासा वाटतो.

सोमवार, १०

तज्ज्ञ जमवता जमवता नाकी नऊ आले. दाताच्या डॉक्टरांना शनिवार जमत नाही, वकील येणार पण त्यांना मेकअप नको, व्यायामवाल्याला पंखा बंद हवा. नवरा म्हणतो, "एवढं करतेस त्यापेक्षा बारा तास तूच बोल. घरी बोलतेसच." त्याला आज चहा मिळाला नाही.

गुरुवार, १३

आज मनाच्या डॉक्टर आल्या होत्या. शांत बाई, प्रश्न ऐकताना मान किंचित तिरकी करतात. सुरुवातीला एक खरा फोन आला. त्या गृहस्थांना जुना सिनेमा कधी लावणार ते हवं होतं, आणि आवाज इतका घुमला की मौनीबाबांनी डोळे मिटून घेतले. मग दोन्ही लाइनी थंड. मी खूण केली, मौनीबाबा गेले.

यावेळी मी 'परीक्षेची भीती वाटते' असा प्रश्न दिला होता. साठीच्या माणसाला परीक्षेची भीती कशी, हे माझ्याही नंतर लक्षात आलं. पण त्यांनी तो तसाही विचारला नाही.

"मुलगी दुसऱ्या गावी असते. फोन करायची. सगळं बोलणं तिच्या आईशी व्हायचं. मी शेजारी बसून ऐकायचो. आता आई नाही. तिनं फोन केला की मी उचलायचो, ती विचारायची, जेवलात का, मी म्हणायचो, हं. झोप येते का, हं. माझ्याकडे शब्दच येत नाहीत. मग ती पण गप्प. शेवटी तिनं करायचंच सोडलं."

"तुम्ही केलात तिला फोन?"

"नंबर फिरवतो. शेवटचा आकडा राहतो."

कंट्रोल रूममध्ये मला हुंदका आला. कॅमेरामनने नाक पुसलं, वर म्हणाला सर्दी झालीय. मनाच्या डॉक्टर म्हणाल्या, "जे मला सांगितलंत तेच तिला सांगा. शब्द तेच, फक्त माणूस बदला." किती सुंदर उत्तर! प्रश्न चांगला असला की उत्तर आपोआप चांगलं येतं.

साहेब खूश. "पाहिलंत, लोक किती मोकळे होतात आपल्याकडे!" मग भुवई चढवून म्हणाले, "पण यांचा आवाज इतका स्वच्छ कसा आला? जरासुद्धा घुमला नाही." माझ्या तोंडचं पाणी पळालं. मौनीबाबा मिक्सरवरून मान न उचलता म्हणाले, "लाइन चांगली होती." साहेब गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते आज कळलं.

निघताना मी त्यांना म्हटलं, "फार छान झालं. पण शनिवारी जरा हलकं ठेवा हं. सगळ्यांनाच रडवलं तर लोक चॅनल बदलतील." त्यांनी मान हलवली. अंगठा मात्र वरही केला नाही आणि खालीही नाही.

रविवार, १६

सासूबाई तीन दिवस एकच विचारतायत. "लावला का गं त्या माणसानं लेकीला फोन?" मी म्हटलं, "आई, तो प्रश्न होता. कार्यक्रमापुरता." त्या म्हणाल्या, "कार्यक्रमापुरता असता तर लेकीचं गाव सांगितलं असतं त्यानं. खोटं बोलणारा गाव आधी सांगतो." आणि वाटाणे सोलत बसल्या.

मंगळवार, १८

जेवणाच्या सुट्टीत मेकअपरूममध्ये कंगवा आणायला गेले, तर मौनीबाबा एकटेच आरशासमोर, हातात फोन. मला पाहताच ठेवून दिला. सराव करत होते बहुतेक. मी म्हटलं, "इतकी तयारी नको हो, ऐनवेळी बोललं तरी जमतं तुम्हाला." त्यांचा डबा टेबलावर होता, उघडलासुद्धा नव्हता. कामाची एवढी काळजी असलेला माणूस रिटायर होतोय, आमचं कसं होणार?

त्यांचा निरोपसमारंभही ठरवायचा राहिलाय. शनिवार पार पडू दे आधी.

शुक्रवार, २१

घोडामैदान जवळ आलं. कोणी कोणत्या तासाला प्रेक्षक व्हायचं ते सगळ्यांना तोंडी सांगितलंय. आणि आत्ता कळतंय की उद्या मुख्यालयातल्या एक बाई दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसणार आहेत. साहेबही बसणार. म्हणजे त्यांच्या नाकासमोर मी खुणा करायच्या. फोन वाजले नाहीत तर केंद्र जाणार, आणि आमचे खोटे फोन उघडे पडले तर केंद्राबरोबर मीही जाणार.

रविवार, २३, सकाळी

काल लिहायचं त्राण नव्हतं. आता लिहिते, सगळं.

सकाळी व्यायामवाल्याला एकही फोन नाही. त्यानं पंखा बंद ठेवून घेतला होता, घाम मात्र आम्हाला फुटला. वकिलांच्या तासाला गंमत झाली. एका गृहस्थांनी खराखुरा फोन करून विचारलं, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आमच्या भिंतीवर आलीय, तोडू का? वकील म्हणाले, आधी नोटीस द्या. पुढचा फोन शेजाऱ्याचा! "मी पण बघतोय म्हणावं, फांदीला हात तर लावून बघ!" दोघांचेही टीव्ही चालू, भिंत एकच, आणि त्या घुमण्यानं मौनीबाबांनी कानावरचा हेडफोनच उतरवला. मुख्यालयातल्या बाई खळखळून हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

दुपारनंतर सगळं आटलं. आरोग्याच्या तासात मेकअपवाल्या ताईंनी आणि पहारेकऱ्यानं मिळून गुडघेदुखीवर तासभर निभावून नेलं. चार वाजता मनाच्या डॉक्टर बसल्या आणि लाइनी मेल्यासारख्या पडल्या. हसरी तेच नंबर पुन्हा पुन्हा वाचत होती. साहेब घड्याळाकडे, बाई साहेबांकडे. मी खोकल्याचं निमित्त करून मौनीबाबांकडे पाहिलं. ते उठले.

दिवा लागला. "नमस्कार. मी मागं बोललो होतो. मुलीचं."

मनाच्या डॉक्टरांनी आवाज ओळखला. "लावलात फोन?"

"नाही जमलं." ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, जे तुमच्याशी बोललो तेच तिच्याशी बोला. पण तुमच्याशी मी प्रेक्षक म्हणून बोलतोय. मी प्रेक्षक नाही. मी इथलाच माणूस आहे. मेकअपरूममधून बोलतोय. दुसरा कुणीतरी झालो की मला बोलता येतं. माझा मी असलो की नाही येत."

कंट्रोल रूममध्ये साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "कट करा," ते दात ओठ खात म्हणाले. "आत्ताच्या आत्ता कट करा!"

लाइन तोडायचं लाल बटण माझ्या हाताखाली असतं. बोट त्यावर होतंच. आणि तेव्हा, आत्ता लिहितानाही लाज वाटते, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाड खरं. तो 'हं' खरा. मेकअपरूममधला फोन सराव नव्हता. मी त्या माणसाला म्हटलं होतं, जरा हलकं ठेवा. बायको गेली तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आले, चहा प्यायले, आणि त्यानंतर वर्षभर रोज त्यांच्या शेजारी बसून एकदाही विचारलं नाही की घरी कसं चाललंय.

मी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. साहेब म्हणाले, "ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, "येतंय. म्हणूनच नाही तोडत."

ते पुढे बोलत होते. "सोमवारनंतरच्या सोमवारी नोकरी संपते. इथे दिवसभर आवाज असतो. घरी आवाज नाही. मला आवाजाचंच काम येतं हो. एवढंच सांगायचं होतं. कार्यक्रम बिघडवला, माफ करा." आणि त्यांनी फोन ठेवला.

मनाच्या डॉक्टर पाण्याचा पेला हातात धरून बसल्या. आणि दुसऱ्या लाइनीचा दिवा लागला. मी स्टाफकडे पाहिलं, सगळे जागेवर. कोण असेल? जोडला.

आवाज इतका घुमला की काच थरथरली. हसरी म्हणाली, "नमस्कार, आधी टीव्हीचा आवाज कमी करा."

"कशाला? मग मला ऐकू कसं येणार?"

सासूबाई!

"त्या मघाच्या भाऊंना सांगायचंय," त्या टीव्हीपेक्षाही मोठ्यानं म्हणाल्या. "भाऊ, उद्या रविवार आहे. दुपारी आमच्याकडे जेवायला या. बोलायची काही सक्ती नाही, मी बोलते दोघांच्या वाटचं. पत्ता आमच्या सुनेला विचारा. ती तिथेच काचेमागे बसलीय. तिला म्हणावं, काखेत कळसा अन् गावाला वळसा! साऱ्या गावाला बोला बोला म्हणतेस, शेजारचा माणूस बोलला तेव्हा कुठे होतं तुझं लक्ष?"

आणि आपटला फोन. सगळ्या गावासमोर. मुख्यालयातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नियंत्रण पट्टीकडे.

पट्टीवर दोन्ही दिवे लागलेले होते. एक फोन संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मी पण एकटाच असतो, भाऊंना म्हणावं संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर या, जागा आहे. एका बाईंना त्या झाडाचं काय झालं ते हवं होतं. आणि एक मुलगी होती, कुठून बोलत होती तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "माझे बाबापण फोनवर फक्त 'हं' म्हणतात. काकांना सांगा, तो 'हं' ऐकायलाच आम्ही फोन करतो. आम्ही पण घाबरतो, की ह्यांना आपला त्रास होतोय की काय." सगळे घुमत होते, एकजात सगळे. कुणाचाच टीव्ही बंद नव्हता. मौनीबाबा केव्हातरी परत येऊन मिक्सरवर बसले होते. त्या मुलीच्या वेळी त्यांनी हसरीला काही सांगितलं नाही. घुमू दिलं.

मी तिथेच रडले. सर्दीचं निमित्तही केलं नाही.

सातला सगळं संपल्यावर साहेब म्हणाले, "सोमवारी लेखी खुलासा द्या." पत्ता मी मौनीबाबांना स्वतः दिला. म्हटलं, "मला खूप आधी विचारायला हवं होतं." ते म्हणाले, "मी पण कुठे सांगितलं?"

रविवार, २३, संध्याकाळी

आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात ती कुंडी. पानं मोजकीच, पण हिरवी.

सासूबाईंनी कबूल केल्याप्रमाणे दोघांच्या वाटचं बोलून घेतलं. मौनीबाबांनी तीन वेळा 'हं' म्हटलं आणि दोनदा भात घेतला. मध्येच उठून आमच्या टीव्हीला कान लावला, मागचं झाकण उघडून काहीतरी घट्ट केलं. आता तो खरखरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटायचं माझेच कान खरखरतात."

मग त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "लेकीला फोन लावलात?"

"लावतो."

"लावतो नको. लावा. तो काय फोन." आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, जाताना टीव्हीचा आवाज एवढा वाढवला की बाहेरचं अक्षर ऐकू येऊ नये. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना टीव्हीचा आवाज कमी करायला लावला, तो त्या गोंगाटात उभा राहून नंबर फिरवत होता. नवरा भांडी घासायला लागला, न सांगता. मी दाराआडून एकदा पाहिलं. पाठ दिसली. डावा हात कानावर घट्ट दाबलेला होता.

बाहेर आलो तेव्हा फोन जागेवर होता आणि ते टीव्ही बंद करून बसले होते. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "उचलला."

जाताना दारात थांबले. "मॅडम, तुमचा तो गुलाबाचा प्रश्न वाया गेला. कागद आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "टाकून द्या हो तो."

सोमवार, २४

खुलासा दिला. सगळं खरं लिहिलं, फक्त मेव्हणा-गिऱ्हाइकाची उपमा सोडून. साहेबांनी ताकीद दिली, तीही मुख्यालयातल्या बाईंसमोर. बाईंनी सांगितलं की केंद्राचा बाकीचा वेळ जाणार, ते आधीच ठरत आलं होतं. फक्त गुरुवारचा तास राहील, माझ्याकडेच राहील, पण एका अटीवर. स्टाफमधल्या कुणीही फोनला हात लावायचा नाही. वाजला नाही तर नाही वाजला. तसंच बसायचं.

म्हणजे निम्म्याहून जास्त हरलो. तरी मला सकाळपासून हलकं वाटतंय, हे साहेबांना कळू दिलं नाही.

सोमवार, ३१

मौनीबाबांचा निरोपसमारंभ. सगळे म्हणाले, भाषण, भाषण. ते उठले, माइकच्या आवाजाची पातळी नीट केली, अंगठा वर केला आणि बसले. टाळ्या थांबेनात.

त्यांची खुर्ची रिकामी पाहून मला भरून आलं. मदतनीस तिथे बसला, पण कडेकडेनं.

गुरुवार, ३

पहिला खरा गुरुवार. फोन वाजला नाही. हसरी आणि दातांचे डॉक्टर एकमेकांकडे पाहून हसत बसले, डॉक्टरांचे दात चांगले आहेत म्हणून बरं. शेवटी एक फोन आला, तो चुकीच्या नंबरचा. त्या बाईंना गॅसची टाकी हवी होती. मी म्हटलं, चला, निदान खरी तरी होती.

सासूबाई म्हणाल्या, "मी करते की." मी त्यांना हात जोडले.

गुरुवार, १०

आज पुन्हा बागकाम. प्राध्यापक खताबद्दल बोलत होते, ऐकणारं कुणी आहे की नाही देव जाणे. अर्धा तास गेला. मी बटणाशेजारी (लाल नव्हे, जोडायच्या) हात ठेवून मनात म्हणत होते की हा तास गेला तर गेला, पण एक फोन येऊ दे.

दिवा लागला. जोडला, तर असा घुमला की मदतनिसानं दचकून मिक्सरवरचा आवाज खाली ओढला.

"नमस्कार. मी एक प्रेक्षक बोलतोय."

हसरीनं ओळखलं. मीही ओळखलं. पण नियम कुठे मोडला? ते आता स्टाफ नाहीत. घरी बसून, टीव्ही लावून, आमचा कार्यक्रम बघणारा माणूस प्रेक्षक नाही तर कोण?

"माझ्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडले आहेत," ते वाचत होते, अगदी सावकाश, शब्द न शब्द, "कळ्या उमलण्याआधीच मान टाकतात. तर मी हताश होऊ का?"

माझं ते वाक्य ऐकायला इतकं हास्यास्पद वाटेल असं मला वाटलं नव्हतं. कॅमेरामन खाली बसून हसत होता. प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले, "मुळीच होऊ नका." पण पुढचं कुणालाच नीट ऐकू येईना, सगळं घुमत होतं. हसरी, डोळे पुसत, म्हणाली, "काका, आधी टीव्हीचा आवाज कमी करा!"

तेवढ्यात त्यांच्या मागून, त्यांच्याच घरातून, एका बाईचा वैतागलेला आवाज आला, टीव्हीतून पुन्हा एकदा आला.

"बाबा, तेच सांगतेय मी कधीची!"

"हं," ते म्हणाले.